‘काढू नये’

इंजिनियर: डावा हात असाच राहू द्या, सर. मीच खुर्ची अलीकडे घेते.

सर: हात हलवू नका, हात हलवू नका. आठवड्यातून तीनदा, डायलिसिसच्या चार-चार तासांत हेच ऐकतो. तू बोल. कामाच्या दिवशी ऑफिस टाकून एवढ्या लांब नुसती तब्येत बघायला नाही आलीस.

इंजिनियर: तब्येत बघायलाही आले. पण हो, एक आकृती आणलीये.

सर: चष्मा उशीपाशी आहे बघ. हं. ही मेमरीची चिप. आपल्याच घराण्यातली दिसते.

इंजिनियर: सातवी पिढी. छातीत बसवायच्या यंत्रासाठी. ठोका चुकला की नोंद करायची, बाकी वेळ गप्प पडून राहायचं. त्या गप्प पडण्यातच जास्त वीज जाते. दोन महिने खरवडतोय आम्ही. कुठे पाव टक्का जागा, कुठे अर्धा टक्का वीज. आता खरवडायला काही उरलं नाही. माणसंही उरली नाहीत म्हणा. अर्धी टीम स्क्रीनसमोर नुसती बसलेली असते.

सर: आणि तू?

इंजिनियर: मी उरलेल्या अर्ध्यात, अजून तरी. हा ब्लॉक बघा. मेमरीचे सोळा कप्पे, प्रत्येकाच्या उशाशी हा एक. सतत चालू. तीन टक्के जागा खातो, आणि गप्प पडलेल्या चिपची एक तृतीयांश वीज हा एकटा पितो. शेजारी लिहिलंय ‘काढू नये’, खाली तुमची आद्याक्षरं. कारण कुठेच नाही.

सर: काढू नये लिहिलंय ना? मग काढू नका.

इंजिनियर: सहा पिढ्या तेच झालं. ज्याला त्याला वाटलं, सरांनी ठेवलंय म्हणजे काहीतरी असेल. मी तो काढून चाचण्या लावल्या. उन्हाळ्यातल्या, थंडीतल्या, बॅटरी उतरत आल्यावरच्या. सगळ्या पास. पण कारण कळल्याशिवाय सही करायला कुणी तयार नाही. मीसुद्धा नाही.

सर: पहिली चिप थंडीत चुकायची. शून्याला एक म्हणायची. मेमरीच्या पेशींपासून येणाऱ्या तारा बारीक निघाल्या होत्या. लेआउटची, तारांच्या आखणीची चूक. म्हणून हे ठिगळ लावलं. झालं समाधान?

इंजिनियर: नाही झालं. तारा बारीक म्हणून हा घातला असेल, तर आमच्या तारा त्यांच्या निम्म्या आहेत. मग मला हा ठेवायलाच हवा. बॅटरी नऊऐवजी सहा वर्षं चालेल. ती संपली की त्या माणसाची छाती पुन्हा उघडायची.

सर: ठेव मग.

इंजिनियर: सर, पहिल्या चिपची आकृती मी शोधून काढली. लेआउटमधल्या ताईंनी काढलेली. प्रत्येक तार मोजली. नियमापेक्षा बारीक एकही नाही. उलट केसभर रुंदच.

सर: पाणी आहे का तिथे? घोटभरच दे. आमचंही तुमच्या चिपसारखंच, सगळं मोजून मिळतं.

इंजिनियर: घ्या. सावकाश.

सर: कुणाला दाखवलंस हे?

इंजिनियर: कुणालाच नाही. आधी तुमच्याकडे आले.

सर: पेशीतला विजेचा भार तारेवर उतरायला वेळ लागतो. तो उतरला की मग वाचायचं. किती थांबायचं, ते मी ठरवलं होतं. थंडीत पेशी सावकाश बोलते, हे मी धरलंच नाही. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत आपण उत्तर लिहून मोकळे. मग घाईघाईत हा ब्लॉक बसवला. तार कायम अर्धी भरून ठेवायची, म्हणजे पेशीला जोर कमी लागतो.

इंजिनियर: आता किती थांबायचं ते चिपमधलीच एक नमुन्याची तार ठरवते. थंडीत तीही सावकाश भरते, तेवढं वाचणं आपोआप लांबतं.

सर: माहीत आहे. म्हणजे दुसऱ्या पिढीपासूनच याचं काही काम नव्हतं.

इंजिनियर: मग तेव्हाच का नाही काढलात?

सर: काढतो म्हटलं की कुणीतरी विचारणार, घातला का होता. आज तू विचारलंस तसं.

इंजिनियर: आणि ताई?

सर: बैठकीत वरून प्रश्न आला, चूक कुणाची. मी म्हटलं, तारांचं बघावं लागेल. एवढंच म्हटलं. पुढचं ज्याने त्याने धरून घेतलं आणि खापर तिच्यावर फुटलं. मी फोडलं नाही, असं वीस वर्षं स्वतःला सांगतोय. फोडणाऱ्याचा हातही धरला नाही.

इंजिनियर: त्यांना नमुने तपासायच्या खोलीत टाकलं. मी लागले तेव्हा तिथेच होत्या. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. म्हणायच्या, माझा हात बिघडलाय गं, मला तारा आखू देत नाहीत. मला ते खरं वाटायचं, सर. एकदा त्यांनी माझ्या आकृतीत चूक दाखवली, तर मी मनात म्हटलं, यांचं काय ऐकायचं.

सर: चूक होती?

इंजिनियर: होती.

सर: कारणाच्या रकान्यात लिही. वेळेचा अंदाज चुकला, चूक माझी, तारा निर्दोष. नुसती आद्याक्षरं नको, पूर्ण नाव घाल. दे इकडे, सही करतो. उजवा हात मोकळा आहे.

इंजिनियर: एवढ्यावर भागेल?

सर: ऑफिसचं भागेल.

इंजिनियर: ताईंचा नंबर आहे माझ्याकडे.

सर: आज नको. अंगात त्राण नाही.

इंजिनियर: कुठल्या दिवशी असतं?

सर: कुठल्याच नाही. लाव.

(फोन स्पीकरवर.)

ताई: बोल गं. कपडे वाळत घालतेय, पटकन बोल.

इंजिनियर: ताई, मी दवाखान्यात आहे, सरांजवळ. त्यांचं डायलिसिस चालू आहे. त्यांना तुमच्याशी बोलायचंय.

ताई: माझ्याशी?

सर: ताई, पहिल्या चिपच्या तारा बरोबर होत्या. चूक माझी होती. आज लेखी दिलंय मी. ऐकू येतंय ना?

ताई: येतंय, साहेब. तारा बरोबर होत्या हे तुम्ही मला काय सांगता? मी त्याच आठवड्यात तीनदा मोजल्या होत्या. चौथ्यांदा मोजल्या तेव्हा मात्र वाटायला लागलं, आपल्यालाच दिसत नसेल.

सर: मी तुमची माफी…

ताई: राहू द्या. त्याला आता फार उशीर झाला, आणि माझ्यातही ते ऐकायची ताकद नाही. तुम्ही पडून राहा. अगं, तू आहेस का?

इंजिनियर: आहे, ताई.

ताई: लेखी म्हणजे कुठे दिलंय?

इंजिनियर: आकृतीच्या नोंदीतच. पुढे जो कुणी ही चिप उघडेल, त्याला दिसेल.

ताई: बरं. म्हणजे तो ब्लॉक काढणार तुम्ही.

इंजिनियर: उद्याच काढते.

ताई: माझं शेवटचं काम होतं ते. माझ्याकडून आखून घेतलं आणि मग खोली बदलली माझी. जागाच नव्हती तिथे, कसाबसा कोंबला. त्याच्यापायी शेजारच्या बारा तारांना वळसा घालावा लागला मला.

इंजिनियर: ते वळसे अजून तसेच आहेत.

ताई: कुणी सरळ नाही केले?

इंजिनियर: आकार लहान करत गेले, बाकी आहे तसं उचललं सगळ्यांनी.

ताई: मग ब्लॉक काढलास की तेवढ्या तारा सरळ ओढून घे.