एक स्क्रू हलता कामा नये

...नाही, पण मला एक सांगा, मोटारीतला रेडिओ म्हणजे काय देव्हाऱ्यातला बुद्ध आहे, की हात लावण्याआधी आंघोळ करा? मावशींचं म्हणणं, आहे! मावशी म्हणजे दॉ सेन म्या, माझ्या बायकोची सख्खी मावशी. काका गेले, मूलबाळ नाही, मागे राहिली एक पांढरी जपानी गाडी, पंचवीस वर्षांची, आणि भाच्या दोन. एक माझी थीडा, दुसरी तिची धाकटी बहीण. म्हणजे जावई दोन, मी आणि माझा साडू. आणि गाडी एक! आलं लक्षात?

मी इथे रोज दोन बस बदलून कामावर जातो, हो, या यांगूनात, घाम पुसायला हात वर केला तर शेजारच्याचा चष्मा पडतो... मला ती गाडी हवी होती. खोटं कशाला बोलू, स्वप्नात यायची!

तर मावशींनी जाहीर केलं, "ह्यांच्या नावानं मठात अन्नदान आहे, त्या दिवशी सांगेन गाडी कुणाला ते. पण त्या रेडिओवर ह्यांचा जीव होता. एक स्क्रू हलता कामा नये! आणि मला त्यात सयादॉंचं प्रवचन ऐकू आलं पाहिजे." आता सयादॉ, म्हणजे आमच्या मठातले मोठे भंते, त्यांचं प्रवचन कुठे? फोनमध्ये! आणि रेडिओ कसला? कॅसेटवाला! फोन त्यात घालू कसा, लाटून?

साडू लगेच हसला. नांदा त्याचं नाव, मानानं को नांदा म्हणायचं, तो कायमच हसत असतो. "मावशी, अगदी माझ्या मनातलं बोललात." काय माणूस आहे!

गेलो को फ्योच्या दुकानात, तो गाड्यांचे रेडिओ बसवतो. तोंडात पान, बोलणार हनुवटी वर करून, "दादाऽ, शोप्पंय!" त्यानं दिली एक खोटी कॅसेट, तिला शेपटीसारखी वायर, वायर फोनला. घातली. सयादॉ म्हणाले, "लोभ हेच सर्व दुः..." खटॅक! मशीनला वाटलं बाजू संपली. "...खाचं..." खटॅक! उलटी बाजू. "...मूळ..." खटॅक! आणि थू! कॅसेट माझ्या मांडीवर!

म्हटलं, उघडू का जरा? मागून वायर सोडू? पण नाही! एक स्क्रू हलता कामा नये!

परत को फ्यो. आता त्यानं दिली एक डबी, सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची. फोनमधलं घेते आणि छोट्या आकाशवाणीसारखी हवेत सोडते, गाडीचा रेडिओ तिथे लावायचा, झालं! लावला. काही नाही, नुसती खरखर. दोन दिवस मी त्या गाडीत उकडून निघालो. शेवटी को फ्यो पान थुंकून म्हणाला, "दादा, रेडिओ जपानचा, तो नव्वदच्या पुढे जात नाही. डबी साडेसत्त्याऐंशीच्या खाली उतरत नाही. मधल्या अडीचमध्ये भेटवा दोघांना! सगळ्या टॅक्सीवाल्यांना मी तिथेच बसवलंय." एकोणनव्वद पॉइंट एकला लावला आणि काय सांगू... सयादॉ स्पष्ट, खणखणीत! मावशींनी डोळे मिटले. मी मनात गाडीला नवी सीट कव्हरंसुद्धा घातली.

अन्नदानाचा दिवस. मावशींच्या गाडीत मी आणि मागे भाताची, रश्शाची पातेली. मावशी पुढे, साडूच्या थंडगार व्हॅनमध्ये. थीडा आधीच मठात. मावशी म्हणाल्या, "मग माझं प्रवचन?" आणि इथे माझ्यातला शहाणा जागा झाला! म्हटलं, "मावशी, व्हॅनचा रेडिओ पण एकोणनव्वद पॉइंट एकला लावा. मी इथे लावतो, तुम्हाला तिथे ऐकू येईल, फक्त जवळजवळ चालू." कौतुक काय झालं माझं! साडूचं हसूसुद्धा जरा आखडलं.

पुढे पुलाखाली गाड्या तुंबल्या. अर्धा तास जागचं हलेना, रस्सा हिंदकळतोय, मी घामाघूम, आणि थीडाचा फोन. घेतला. तिच्या मागे भांड्यांचा खणखणाट, म्हणून मी जे बोलेन ते ती मोठ्यांदा परत म्हणून खात्री करून घेते. आणि डबी माझा आवाज हवेत सोडत नाही बरं का, फक्त तिचा!

"काय म्हणालात? गाडी एकदा नावावर होऊ दे? हां. आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ उचकटून भंगारात? हां हां. तिथे मोठा व्हिडिओचा पडदा बसवणार? अय्या! काय? म्हातारीला काय कळतंय? अहो हळू बोला, ऐकेल ना ती!"

तेवढ्यात काचेवर टकटक. शेजारचा टॅक्सीवाला. "दादा, भंगारात नका टाकू, मला द्या."

"काय?"

"रेडिओ. आत्ता वहिनी म्हणाल्या ना! आम्ही पाचसहाजण मघापासून तुमच्याच प्रवचनावर आहोत, पुण्य लागेल तुम्हाला."

पुढच्या व्हॅनच्या आरशात बघतो तर साडूचे डोळे... हसतायत! मी फोन कापला आणि सयादॉ पुन्हा सुरू झाले, "...म्हणून जिभेवर ताबा ठेवा."

मठात जेवणं झाली. मावशी चंबूतून पाणी सोडून काकांना पुण्य वाटत होत्या, इकडे मी गाडीवर पाणी सोडलं. लाज वाटली हो, खरंच वाटली. म्हातारीनं जावई म्हणून जीव लावला होता. मग मावशी उठल्या. "गाडी ल्विनला."

ल्विन म्हणजे मी! मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. साडूचं हसू जन्मात पहिल्यांदा गळालं. "पण मावशी, तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं की! ह्याच्या पोटातलं मला ऐकू आलं. तुझ्या पोटातलं, नांदा, अजून कुठल्याच रेडिओवर लागलेलं नाही." आणि माझ्याकडे वळून, "पण चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या तर राखण नको? सामान बांधते. मी येते तुमच्याकडे राहायला. एक स्क्रू हलता कामा नये!"

चार महिने झाले. गाडी माझ्या नावावर, माझ्या दारात. तुम्हाला सांगतो, सकाळी पाचला मावशी गाडीत जाऊन बसतात, प्रवचन लावतात, सात वाजता बॅटरी बसते, आणि मी... मी जातो बसने.