पिस्तुलात काही बदललंस का?

वहिनी, नीला, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

या हॉलमध्ये मी गणपतीत आरत्यांच्या वेळी सगळ्यात जोरात ओरडणारा माणूस. आज सदाच्या शोकसभेत बोलायला उभा आहे. कागदावर लिहून आणलं होतं, पण ते खिशातच राहू दे. त्यात सदाची स्तुती आहे. स्तुती तुम्ही सगळ्यांनी केलीत, आणि ती खरीच आहे. मला दुसरंच काहीतरी बोलायचंय.

सदाशिव मुळ्ये देश सोडून इथे आला, पेंटच्या कंपनीत केमिस्ट होता, हे तुम्हाला माहीत आहे. तो पिस्तूल चालवायचा, हे ऐकून मात्र तुमच्यातले बरेच जण हसायचे. घरात उंदीर आला तर पिंजऱ्यात पकडून पार्कमध्ये सोडून येणारा हा माणूस! पण त्याची नेमबाजी कागदावरची होती. काळं वर्तुळ, पन्नास यार्ड, एक हात, दहा गोळ्या. आम्ही दोघं दर शनिवारी क्लबच्या रेंजवर जायचो. नऊ वर्षं गेलो.

दुकानातली काडतुसं त्याला चालायची नाहीत. तो आपली स्वतः भरायचा. गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, एकेक तोलायचा, जरा जड-हलकी निघाली की परत भांड्यात. आणि वहिनींचं सोवळं! शिशाला हात लावला की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मीसुद्धा त्या गॅरेजच्या दारात उभं राहून चहा प्यायलोय. आठवतंय ना वहिनी? तुम्ही कप लांबूनच द्यायचात.

मी त्याला म्हणायचो, "सदा, गोळी म्हणजे गोळी यार, एवढं काय त्यात?" तो चिडायचा. म्हणायचा, "अरे, प्रत्येक पिस्तुलाची आवड वेगळी असते. माझ्याला जी गोळी आवडते ती तुझ्याला आवडेलच असं नाही." मग माझं पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून तो दहा गोळ्या झाडायचा. कागदावरची भोकं किती जवळ पडली ते पट्टीने मोजायचा, वहीत लिहायचा. पुढच्या शनिवारी काडतुसातली दारू, म्हणजे पावडर, जराशी कमी. त्याच्या पुढच्या शनिवारी पावडर तीच, पण गोळी सपाट तोंडाची. कधी दोन्ही एकदम बदललं नाही. "अरविंद, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर कशामुळे काय झालं ते देवालाही कळायचं नाही."

एका वेळी एकच. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

माझ्या पिस्तुलासाठी योग्य गोळी शोधायला त्याने सबंध उन्हाळा घालवला. राज्याच्या स्पर्धेच्या, स्टेट मॅचच्या आधी मला भरलेल्या काडतुसांचे दोन डबे आणून दिले. म्हणाला, "पन्नास यार्डांवर या घेऊन जा. बिनधास्त."

आणि त्याच आठवड्यात मी काय केलं? पिस्तुलाची मागची साइट, म्हणजे ज्या खाचेतून नेम धरतात ती, काढली आणि नवी बसवली. सदाला न सांगता. म्हटलं, मॅचमध्ये चमकू आणि मग सांगू, की यात तुझ्या गोळ्यांइतकाच माझ्या नव्या साइटचाही वाटा होता.

मॅचमध्ये माझ्या गोळ्या कागदभर पसरल्या. दोन तर कागदावरच नव्हत्या. सगळे बघत होते. आणि मी तिथे, सगळ्यांसमोर, त्याचा डबा टेबलावर आपटला. म्हणालो, "तुझ्या गोळ्यांनी घात केला माझा."

सदा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने उरलेली काडतुसं एकेक करून डब्यात भरली आणि हळूच विचारलं, "अरविंद, पिस्तुलात काही बदललंस का?"

मी म्हणालो, "नाही."

लोकहो, सोमवारी मी पिस्तूल उघडलं. नव्या साइटचा स्क्रू सैल होता. आयुष्यभर मशीन डिझाइन करणारा हा इंजिनियर एक स्क्रू नीट आवळायला विसरला होता. मी तो आवळला. फोनपाशी गेलो. नंबर फिरवायला घेतला आणि रिसीव्हर खाली ठेवला. म्हटलं, शनिवारी सांगू. शनिवारी मी गेलोच नाही.

तीन वर्षं झाली त्याला. दिवाळीच्या पॉटलकमध्ये, आपापला पदार्थ घेऊन, भेटायचो. "काय म्हणतोस?" "मजेत." एवढंच. मी दुकानातली काडतुसं वापरायला लागलो. मला वाटलं, तोही विसरला असेल.

परवा वहिनींनी मला घरी बोलावलं आणि त्याची वही हातात ठेवली. नीला शेजारी उभी होती. म्हणाली, "काका, बाबा वॉन्टेड यू टु हॅव इट." मी वही उघडली. मॅचच्या दुसऱ्या दिवसाची नोंद आहे, त्याच्या बारीक अक्षरात. "अरविंदने पिस्तुलात काही बदललेलं नाही. म्हणजे दोष गोळीतच."

पुढे पानंच्या पानं आहेत. त्याने माझ्या डब्यातली उरलेली काडतुसं उघडली. प्रत्येकातली पावडर पुन्हा तोलली. गोळ्या पुन्हा मोजल्या. शिसं बदललं. साचा बदलला. सगळा हिवाळा, आणि त्याच्या पुढचाही. एका वेळी एक. जी चूक तिथे नव्हतीच, ती तो शोधत राहिला, कारण मी "नाही" म्हणालो होतो आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. वहिनी, तुम्ही मला म्हणालात, "शेवटी शेवटी ते गॅरेजमधून गप्पच परत यायचे." तुम्हाला कारण माहीत नव्हतं. मला होतं. मला माफ करा, असंही म्हणायची लाज वाटते.

वहीबरोबर एक डबाही होता. वर चिठ्ठी चिकटवलेली. "अरविंद, ५० यार्ड. आता जमलं असावं. बघून सांग."

बघून सांग, म्हणाला. कुणाला सांगू आता?

आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. रेंजवर पहिली गोळी झाडण्याआधी अशीच शांतता असते, आणि सदाला ती फार आवडायची. पण त्याआधी एकच. त्याचा एक प्रश्न माझ्याकडे तीन वर्षं पडून आहे, त्याचं उत्तर देतो.

हो, सदा. साइट बदलली होती. तुझी गोळी बरोबर होती.