पाच मिनिटांच्या वर न्हाय

आमच्या मंगल सिस्टरनी ऑपरेशन करणाऱ्या सरांना कसं गप्प केलं, ते सांगितलंय का तुम्हाला? राजारामपुरीतल्या आमच्या हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरचे रिपोर्ट जुळेनात. सुईनं काढलेल्या तुकड्याचा हार्मोन रिपोर्ट एक, ऑपरेशनच्या गाठीचा भलताच. त्यावरच बाईचं औषध ठरतं, म्हणून सरांनी मला सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर तपासायला बसवलं.

गाठ काढल्यावर ती लगेच फॉर्मलिनमध्ये टाकावी लागते, नाहीतर खराब होते. हा मधला वेळ सिस्टरनी लिहिलेल्या प्रत्येक नोंदीत पाच मिनिटंच होता. मी सरांच्या देखतच विचारलं, "सिस्टर, दरवेळी पाचच मिनिटं लागतात?"

"न्हाय वो! सरांनी बघितल्याबिगर टाकायची न्हाय. सर नातेवाइकांशी बोलून, चहा पिऊन येत्यात. दीड तास जातोय की."

त्या दिवसापासून गाठ लगेच फॉर्मलिनमध्ये जायला लागली, रिपोर्टही जुळले. पण तेव्हा सर भडकलेच.

"मग पाच मिनिटं कशाला लिहिलंत?"

"तुमीच म्हणालासा, आकडा पाचच्या वर जाता कामा नये. मी एकदाबी जाऊ दिला न्हाय!"