सरांनी घातलेलं पाणी

नर्सरीतल्या रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त सर कुंडी पोटाशी धरून उभे होते. त्यांचा नंबर आला.

"जास्वंद गेली हो. बायको तीन आठवडे झाले लेकीकडे गेलीय, तेवढ्यात मी मारली. तिच्या आईच्या हातची होती."

"पाणी घालायला विसरलात?" माळ्याने विचारलं.

"कुठलं विसरतोय! भर दुपारी पानांनी मान टाकली, की मी बादली घेऊन हजर."

"आणि संध्याकाळी पानं पुन्हा ताठ?"

"हो ना. मला वाटायचं, माझीच किमया."

"अहो, कुंडीत ओल असली तरी भर उन्हात पानं मान टाकतात, आपली छिद्रं मिटून घेतात. ऊन उतरलं की आपोआप सावरतात. तुम्ही वर बादल्या ओतून मुळं कुजवलीत. नोकरी कसली होती?"

"वनस्पतिशास्त्र शिकवायचो. एकतीस वर्षं. ही पर्णरंध्रं दर परीक्षेत पाच मार्कांना विचारायचो."

"मग?"

"मग काय, मला कुणी विचारलंच नाही!"

"ही एक फांदी हिरवी आहे. लावून देतो. अर्धी पानं मात्र छाटतो."

"आहेत तीही छाटता?"

"सर! मुळं फुटेपर्यंत पाणी ओढणार कोण? पानं जास्त ठेवली तर फांदी सुकेल."

"हेही शिकवलंय मी."

"बाईंना काय सांगणार?"

"आत्ताच सांगतो, घरी गेल्यावर धीर होणार नाही. हॅलो, अगं, तुझी जास्वंद मी मारली. हो, पाणी घालून. एक फांदी वाचलीय... बरं. बरं. सांगतो त्यांना."

"रडल्या का हो?"

"आधी रडली. मग म्हणाली, मी येईपर्यंत फांदी माळ्याकडेच राहू दे."