पाच गुंड्या

(मैदानाची मागची भिंत. आतल्या बाजूला भिंतीला लागून स्कोअर लिहिण्याचं टेबल. बाहेरच्या बाजूला गल्ली, आणि गल्लीत उघडणारं शिंप्याच्या दुकानाचं मागचं दार.)

बायको : पुन्हा स्टूल सरकल्याचा आवाज आला. उतरा खाली.

शिंपी : चढलोय कुठे मी? स्टुलावर बसलोय, माझ्याच दुकानाच्या मागच्या दारात. मास्क शिवतोय. दुकानाला मागचं दार असणं हाही आता गुन्हा का?

बायको : मशीनचा आवाज तर येत नाहीये.

शिंपी : हातशिलाई चाललीय.

बायको : अहो, गेल्या रविवारी बेकरीवाल्यांच्या संघाचं काय झालं, विसरलात? प्रेक्षकांना बंदी म्हणजे बंदी. कुणाचा तरी काका झाडावर दिसला आणि अख्खा संघ बाद. बिचारा मांजर उतरवायला चढला होता म्हणे.

शिंपी : मांजर कुठे होतं?

बायको : पंचांनी नेमकं तेच विचारलं.

शिंपी : काळजी करू नकोस. धाकटीनं सकाळी दम भरलाय मला. "बाबा, डोकं भिंतीच्या खाली आणि आवाज घशाच्या खाली." पोटची पोरगी कप्तान झाली की बापाला असं बोलते.

बायको : तीन सामने ओळीनं हरलीय ती. आजचा गेला तर स्पर्धेतून बाहेर. बोलेल नाही तर काय?

शिंपी : म्हणून तर बसलोय ना तोंडाला कुलूप लावून. आता काय झालं ते सांग. बॅटचा आवाज आला.

बायको : एक रन.

शिंपी : कसा?

बायको : पळून.

शिंपी : अगं, ते मलाही कळतं! कुठे मारला, कुणी अडवला, धाकटी कुठे उभी आहे, काहीतरी सांगशील की नाही? तू वाचनालयात पुस्तक दिल्यासारखी सांगतेस. नंबर, तारीख, चला पुढे.

बायको : मी स्कोअर लिहायला बसलेय. एरवी दोन्ही संघांचा एकेक माणूस असतो, एकमेकांचं ताडून बघायला. यंदा गर्दी नको म्हणून एकच. सगळं माझ्यावर. तुमचं मनोरंजन कुठे करत बसू?

शिंपी : एवढं म्हणजे एवढंच सांग, ओव्हरचा कितवा बॉल?

बायको : मोजा की तुम्ही. कान आहेत ना?

शिंपी : मोजतोयच. डब्याच्या झाकणात सहा गुंड्या ठेवल्यात. एक बॉल पडला की एक गुंडी या बाजूची त्या बाजूला. दुसरं आहे काय माझ्या हातात?

बायको : गप्प! पंच इकडे येतायत.

पंच : काय वहिनी, कुणाशी बोलताय?

बायको : आकडे मोठ्यानं म्हणून बघत होते.

पंच : वाचनालयात आम्ही खोकलो तरी तुम्ही चष्म्यावरून बघता आणि इथे आकडे मोठ्यानं? बरं, बरं. ते सॅनिटायझर द्या जरा. बॉल पुसायचा, हात पुसायचे, खिसे पुसायचे. दात काढायला एवढं करत नाही मी. पण एक सांगू? मला मजा येतेय. वीस वर्षं पंचगिरी करतोय, आज पहिल्यांदा मी 'आउट' म्हटलेलं मलाच ऐकू आलं. नाहीतर भिंतीपाशी उभं राहून एक जण नेहमी ओरडायचा, "डॉक्टर, आधी स्वतःचे डोळे तपासा, मग लोकांचे दात!"

बायको : कोण हो तो मेला?

पंच : तुमच्याच घरी जेवतो.

बायको : अगंबाई.

पंच : बाटली मी खिशात ठेवतो. आणि वहिनी, इथे मशीनच्या तेलाचा वास येतोय. मला आलेला नाही, पण येतोय. चला, शेवटच्या दोन ओव्हर.

शिंपी : गेला?

बायको : गेले. ऐकलंत?

शिंपी : ऐकलं. मेला कोण, तेही ऐकलं.

बायको : शोभतं तुम्हाला. ऐका हो एक. लग्न झाल्यावर दहा वर्षं तुम्ही खेळत होतात. मला दर रविवारी वाचनालय. तुमचा एक सामना बघितला नाही मी. तुम्ही घरी यायचात आणि ताट बाजूला सारून मला सगळा सामना सांगायचात. पाण्याचा तांब्या म्हणजे स्टंप.

शिंपी : आणि लाटणं म्हणजे बॅट.

बायको : एकदा दिवा फोडलात.

शिंपी : चौकार होता तो.

बायको : दहा वर्षं मी कानांनी क्रिकेट बघितलंय. आज तुमची पाळी.

शिंपी : पण मी किती रंगवून सांगायचो! "पळतोय पळतोय" करत उठून पळायचो स्वयंपाकघरात. तू सांगतेस "एक रन."

बायको : बरं. प्रयत्न करते. ही ओव्हर संपली. आता शेवटची. त्यांना जिंकायला आठ हवेत.

शिंपी : टाकतंय कोण?

बायको : धाकटी.

शिंपी : स्वतः?

बायको : दुसरीच्या हातातून बॉल घेतला तिनं. मनगट झटकतेय.

शिंपी : म्हणजे घाबरलीय. लहानपणी गणिताच्या पेपरला जाताना झटकायची. पुढे?

बायको : पळाली… टाकला. ढकलला त्यांनी. एक रन. आपली डावीकडची उशिरा वाकली. जमतंय का मला?

शिंपी : झकास जमतंय. पहिली गुंडी सरकली. पुढे.

बायको : अरे देवा.

शिंपी : काय अरे देवा? आवाज मोठा आला बॅटचा!

बायको : चार. सरळ तिच्या डोक्यावरून. तीन हवेत आता. अहो, पोरीचा चेहरा उतरला हो.

शिंपी : मला ओरडू दे. एकदाच. "बॉल खाली ठेव," एवढंच.

बायको : ओरडाल तर जेवण बंद. थांबा… तिसरा. खाली ठेवला तिनं! काही नाही. टिंब.

शिंपी : शाब्बास! न सांगता कळतं तिला. तीन गुंड्या. हा आला चौथा… अगं, आवाज कसला हा? बॅटचा आला आणि लगेच दुसराच कसला तरी. बोल ना! अगं ए!

बायको : बॉल गुडघ्यावर बसला तिच्या. पडलीय ती. पंच धावतायत… माझं पेन कुठे गेलं… उठत नाहीये हो…

शिंपी : मी येतो आत.

बायको : नाही! थांबा. उठली. उठून बसली. डॉक्टरांनी खिशातून ती बाटली काढली, हातांना लावली, आता गुडघा चाचपतायत. उभी राहिली. लंगडतेय. हसतेय. "काही नाही" म्हणून हात करतेय माझ्याकडे. रन नाही झाला.

शिंपी : हुश्श. चार गुंड्या. सुई बोटात घुसली बघ. म्हणजे, बघू नकोस. पुढचा टाकतेय का?

बायको : टाकतेय. लंगडत पळतेय… एक रन. आता दोन हवेत, आणि… पंचांनी हात वर केला! ओव्हर! सामना संपला! अहो, जिंकल्या! एका रननं जिंकल्या!

पंच : ओव्हर! सामना संपला!

बायको : काय नाचतायत पोरी! मिठी मारायची नाही ना, म्हणून सहा-सहा फुटांवर उभ्या राहून आपापल्या जागी उड्या मारतायत. धाकटी एका पायावर! त्यांची कप्तान काहीतरी भांडतेय, पाचच झाले म्हणतेय, पण पंच माझ्या वहीकडे बोट दाखवतायत. वहीत सहा आहेत. अहो! ऐकताय ना?

शिंपी : माझ्या गुंड्या पाचच सरकल्यात.

बायको : एखादी राहिली असेल सरकवायची.

शिंपी : नाही राहिली. तू वाच बरं वहीतलं.

बायको : एक, चार, टिंब, टिंब, टिंब, एक. झाले सहा.

शिंपी : टिंबं दोनच होती. एक खाली ठेवला तो. दुसरा तिला लागला तो.

बायको : मी तीस वर्षांत कधी चुकीच्या खणात पुस्तक ठेवलेलं नाही. मी चुकेन होय?

शिंपी : चुकली नसशील. घाबरली असशील. तुझं पेन पडलं ना तेव्हा?

बायको : …तिसरं टिंब पेन्सिलीचं आहे.

शिंपी : हं.

बायको : आधी पेननं काढलं. मग ती पडली, पेन गडगडत गेलं, हाताला पेन्सिल लागली. पुन्हा काढलं. एकाच बॉलची दोन टिंबं. अहो, आता काय करू?

शिंपी : मी काय सांगणार? मी इथे नाहीच.

बायको : कितीतरी दिवसांनी हसतेय हो पोरगी.

शिंपी : ऐकू येतंय मला. कधीपासून तेवढंच ऐकतोय.

बायको : तिला कळलं की आईच्या चुकीनं जिंकली, तर?

शिंपी : तुलाच कळलंय. तेवढं पुरे झालं की.

बायको : हो. पुरे झालं. डॉक्टर! अहो डॉक्टर! इकडे या. कुणाला सोडू नका मैदानातून.

पंच : काय झालं वहिनी? अभिनंदन, अभिनंदन!

बायको : अभिनंदन राहू द्या. तुमच्या मोजणीत किती बॉल आहेत?

पंच : खरं सांगू का? मी सहा खडे ठेवतो, या खिशातून त्या खिशात. पोरगी पडली तेव्हा ती बाटली ओढून काढली आणि खडे सांडले. मग तुमच्या वहीवर विसंबलो. तुमची वही म्हणजे काय बघायचंय?

बायको : वही चुकलीय. हे टिंब पेन्सिलीचं आहे, बघा. पाचच झालेत. एक बॉल बाकी आहे.

पंच : वहिनी, तुमचीच मुलगी आहे कप्तान.

बायको : ठाऊक आहे मला. मीच जन्म दिलाय.

पंच : पण नुसत्या पेन्सिलीवरून कसं ठरवू? संपला म्हणून सांगून बसलोय. आणखी कुणी मोजलं असतं तर…

शिंपी : पाच झालेत, डॉक्टर.

पंच : कोण बोललं?

बायको : अहो! संघ बाद होईल!

शिंपी : होऊ दे. पाच झालेत. गुंड्या मांडून मोजलेत.

पंच : मास्तर, तुम्ही प्रेक्षक आहात का?

शिंपी : मला भिंतीशिवाय काही दिसत नाहीये. मी कसला प्रेक्षक?

पंच : मग डोकं वर काढू नका. काढलंत तर मला तुम्ही दिसाल, आणि दिसलात तर नाइलाज होईल. काय पण दिवस आलाय! वीस वर्षं तुम्ही मला शिव्या घातल्यात, सगळ्या आपल्या बाजूनं. आज पहिल्यांदा स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध बोलताय.

शिंपी : म्हणून तरी विश्वास ठेवा.

पंच : ठेवला. सहावी गुंडी टाका इकडे. माझे खडे गवतात गेलेत.

शिंपी : झेला. निळी आहे.

पंच : झेलली. आधी सॅनिटायझर मारतो. चला ग पोरींनो, जागेवर! एक बॉल बाकी आहे!

बायको : धाकटीला सांगितलं त्यांनी. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. अहो, मनगट झटकलं नाही तिनं.

शिंपी : नाही झटकलं?

बायको : नाही. बॉल घेतला, पुसला आणि गेली मागे. दोन हवेत त्यांना. पळाली…

शिंपी : बॅटचा आवाज आला! पुढे? टप्प्याचा आवाज का येत नाही? बॉल गेला कुठे?

बायको : वर! वर गेलाय, उंच! धाकटीच धावतेय, मागे मागे धावतेय, लंगडतेय हो! सगळ्या बाजूला झाल्या. धाव! धाव ग माझे बाई! डावीकडे! डावीकडे! अगं, डोळे वर ठेव! खाली येतोय, आला, आला… घेतला! घेतला घेतला घेतला! काय कॅच घेतला ग! पडली तरी सोडला नाही! अहो, जिंकल्या! माझी पोर जिंकली!

शिंपी : अगं हळू! पंच हाकलून देतील!

बायको : देऊ देत! जिंकली!

पंच : वहिनी, वाचनालयात शांतता राखा.

बायको : राखणार नाही!

पंच : राखू नका. आता सामना खरंच संपला. मास्तर, तुमची गुंडी मी परत देणार नाही. पुढच्या सामन्यालाही लागेल. आणि ती डाव्या बाजूची दाढ दाखवायला येऊन जा एकदा. चार वर्षं माझ्यावर रुसून एकाच बाजूनं चावताय म्हणे.

शिंपी : तुम्हाला कुणी सांगितलं?

पंच : तुमच्याच घरी जेवतात त्या.

शिंपी : येतो उद्या. गेले का ग ते?

बायको : गेले. घसा बसला माझा.

शिंपी : मला दिसला तो कॅच. देवाशप्पथ दिसला. माझ्यापेक्षा छान सांगतेस तू.

बायको : मी स्वयंपाकघरात पळत नाही एवढंच. आत्ता जाताना वही पुरी करून घेतली त्यांनी. खाली लिहून द्यावं लागतं यंदा, उपस्थित प्रेक्षक किती.

शिंपी : काय लिहिलंस?

बायको : शून्य.

शिंपी : बरोबर आहे.

बायको : आणि त्याच्याखाली, ऐकणारा एक.

शिंपी : डॉक्टरांनी सही केली त्यावर?

बायको : केली. वाचून केली.

शिंपी : पेन्सिलीनं लिहिलंयस ना?

बायको : नाही. पेन सापडलं.