चारच्या आत ड्रायव्हर

लेक : तो दिवा अजून लागला नाही, बाबा.

बाबा : दिसतंय मला.

लेक : वायफायची कांडी काढून परत लावा ना.

बाबा : चारदा काढली, चारदा लावली. मागे लावली, पुढे लावली. कांडी शाबूत आहे गं. हे काय लावलंय, तेच मशीनला कळेनासं झालंय.

लेक : काल संध्याकाळी ठणठणीत होतं. मी स्वतः कॅमेरा लावून बघितला. एका दिवसात कुणाची दृष्ट लागली?

बाबा : माझी.

लेक : म्हणजे?

बाबा : सकाळी अपडेट केलं मी.

लेक : आज? आज केलंत?

बाबा : सहालाच उठलो. म्हटलं, आज पोरीची भेट आहे, मशीन कसं लख्ख असावं. मागच्या रविवारी बबडी म्हणाली ना, "आई, तू मधेच पुतळा होतेस." भेट संपल्यावर तू न्हाणीघरात नळ सोडून रडलीस. नळाच्या आवाजात काही ऐकू येत नाही असं तुला वाटतं.

लेक : म्हणून चार वाजता भेट आणि सकाळी सहाला अपडेट? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! अहो, चालत्या गाडीचं चाक कुणी काढून बघतं का?

बाबा : बोल. बोलून घे. पण मला टाइप करू दे.

लेक : किती वाजले?

बाबा : तीन वीस.

लेक : दोन गैरहजेऱ्या लागल्यात माझ्या. एकदा ताप होता, एकदा वीज गेली. कारण कुणी विचारलं नाही. आज तिसरी लागली की भेटी बंद, थेट कोर्टाच्या पुढच्या तारखेपर्यंत. चार महिने, बाबा. सहा वर्षांची आहे ती. चार महिन्यांनी तिच्या बापाकडे गेले, तर ती दाराआडून बघेल आणि विचारेल, या कोण बाई?

बाबा : असं बोलू नकोस.

लेक : मग काय झालंय ते सांगा. मला कळेल असं सांगा.

बाबा : हे बघ. या कांडीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, सिस्टीमबरोबर येत नाही. कुणा भल्या माणसाने लिहून नेटवर ठेवलाय. त्याचा सोर्स कोड मी उतरवून घेतला आणि इथे बसून कंपाइल केला, म्हणजे मशीनला चालेल असा बनवला. तू राहायला आलीस त्याच आठवड्यात.

लेक : आठवतंय. दोन दिवस जेवायला उठला नव्हतात.

बाबा : तर तो ड्रायव्हर तेव्हाच्या कर्नलच्या मापाने शिवलेला. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. आज अपडेटमध्ये कर्नलच नवा आला. आता जुना सदरा अंगात जाईना.

लेक : मग नवा शिवा! कापड आहे ना तुमच्याकडे? तो सोर्स कोड?

बाबा : आहे. पण कंपाइल करायला गेलं की विचारतो, नव्या कर्नलची मापं कुठायत? त्याच्या हेडर फाइली लागतात.

लेक : मग घ्या ना त्या. कुठे असतात?

बाबा : नेटवर.

लेक : नेटवर? पण नेटच तर नाही!

बाबा : हो. तेच. नेटला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरला फाइली हव्यात, फाइलींना नेट हवं.

लेक : विहिरीत पडलेला दोर काढायला दोर हवा! आणि हे दर अपडेटला होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?

बाबा : दर वेळी मी आधी फाइली उतरवून घेतो, मग मशीन परत चालू करतो. आज ते राहिलं.

लेक : हे सगळं आपोआप व्हावं अशी सोय नसते का हो?

बाबा : असते.

लेक : मग?

बाबा : मला आपोआप आवडत नाही. छापखान्यात अडतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली मी. कामगारांची बोटं गेली ती आपोआप चालणाऱ्या यंत्रांतच गेली.

लेक : अति शहाणा त्याचा बैल रिकामा! वर मालकीणबाईंकडे जाऊन वायफायच्या डबड्याला वायर जोडली तर? नेट त्यांच्याकडूनच येतं ना?

बाबा : कुलूप आहे. त्या परवा येणार. खिडकीतून त्या डबड्याचे हिरवे दिवे दिसतात. मघाशी मी जिन्यात उभा राहून बघून आलो.

लेक : माझा मोबाईल असता तरी काही जमलं असतं. तोही नेमका दुरुस्तीला. आणि तुमचा तो बटणांचा.

बाबा : त्याला नावं ठेवू नकोस. तोच एक चालू आहे घरात.

लेक : चौकातलं झेरॉक्सवालं दुकान?

बाबा : रविवारी बंद. थांब, थांब. इथे जुन्या कर्नलच्या हेडर फाइली पडल्यात अजून. त्यांच्यावरच कंपाइल करून बघतो. माप उन्नीस-बीस असेल, पण जाईलही अंगात.

लेक : करा. काहीही करा.

बाबा : चाललंय. ओळी धावतायत बघ. इशारे देतोय, पण इशारे काय, देतच असतो तो. झालं! एकही चूक नाही! झाला कंपाइल!

लेक : खरंच? लागला दिवा?

बाबा : अजून आत घालायचाय. हं. घातला.

लेक : मग?

बाबा : नाही घेत. म्हणतो, हा साचा माझा नाही.

लेक : जबरदस्ती करा!

बाबा : केली. दोनदा केली. बाहेर टाकतोय.

लेक : किती वाजले?

बाबा : तीन सत्तेचाळीस.

लेक : फोन द्या तुमचा. भेटीच्या कचेरीत बोलते. ... हॅलो, मॅडम, मी बोलतेय, चारची भेट माझी आहे. ... हो, तीच. मॅडम, मशीनचं नेट गेलंय. ... नाही, वीज आहे. ... या फोनवर नाही का बोलता येणार? नुसता आवाज? ... चेहरा दिसायला हवा, हो. ... नोंदवलेल्याच मशीनवरून, ठाऊक आहे मला. ... पाच मिनिटं, दहा मिनिटं, किती थांबाल? ... चार दहा. बरं. ... मॅडम, ती आली आहे का? ... बसलीय? ... मोज्यांसकट बूट घातलेत का हो तिने? तिचे पाय गार पडतात. ... नाही. काही नाही. ठेवते.

बाबा : काय म्हणाल्या?

लेक : आली आहे. चार दहापर्यंत थांबतील. ती तिकडे खुर्चीत बसलीय बाबा, आणि मी इथे एका प्लॅस्टिकच्या कांडीपुढे हात जोडून उभी आहे.

बाबा : तू बस जरा.

लेक : मला बसवत नाही! तिचा बाप म्हणतच होता, तुझ्या आईला तुझ्यासाठी वेळ नसतो. आज पुरावाच मिळाला त्याला. मी काय सांगू? कर्नल बदलला? जगात कुठली आई असं कारण देते?

बाबा : माझ्याच हाताने झालं हे. एवढी वर्षं लोकांची यंत्रं सुरू करून दिली आणि स्वतःच्या पोरीचं बंद पाडून बसलो. मला सुधरत नाही गं आता.

लेक : जुना कर्नलच परत घालता येत नाही का?

बाबा : असता तर प्रश्नच नव्हता. सिस्टीम तो ठेवते. चालू करताना यादी येते, त्यातून जुना निवडायचा. जुन्या कर्नलबरोबर जुना ड्रायव्हर तिथे असतोच.

लेक : मग निवडा!

बाबा : काढून टाकला. मी कधीच ठेवत नाही. नवा आला की जुना काढायचा, ही माझी शिस्त. सकाळी काढायची आज्ञा दिली आणि अंघोळीला गेलो. पाणी तापलं होतं.

लेक : अंघोळीला गेलात तेव्हा पडद्यावर काही विचारत होतं का ते?

बाबा : विचारतंच. काढू का, हो की नाही. मी "हो" दाबलं असेल. दाबतोच मी. परत आलो तेव्हा मशीन बंद होतं, वाटलं मीच केलं.

लेक : बाबा.

बाबा : काय?

लेक : रागावू नका.

बाबा : आता कोण कुणावर रागावणार?

लेक : तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी खोलीत आले होते. मशीन चालू, पडद्यावर इंग्रजीत दहा-बारा ओळी, आणि खाली ते हो की नाही. मला वाटलं, काहीतरी पुसायचं विचारतंय. मी "नाही" दाबलं. आणि मशीन बंद करून टाकलं.

बाबा : तू माझ्या मशीनला हात लावलास?

लेक : लावला.

बाबा : आणि मला बोलली नाहीस?

लेक : मागच्या वेळी नुसता माउस हलवला, तर तुम्ही अर्धा दिवस बोलला नव्हतात!

बाबा : अगं, "नाही" दाबलंस? नक्की "नाही"?

लेक : नक्की. न समजता कशालाच "हो" म्हणायचं नाही, हे आता शिकलेय मी.

बाबा : मग तो आहे. अगं बये, तो आहे अजून आत! सरक, सरक. बंद करतोय. परत चालू करतो.

लेक : चारला तीन मिनिटं आहेत.

बाबा : शिफ्ट दाबून धर. सोडू नकोस. मी बटण दाबतो.

लेक : धरलंय. काही येत नाही. काळंच आहे सगळं.

बाबा : येईल.

लेक : आलं, पण हे तर नेहमीचंच! मी वेळेवर धरलं नाही का?

बाबा : निसटलं. परत. या वेळी मी सांगेन तेव्हा धर. आत्ता!

लेक : यादी आली! यादी!

बाबा : दुसरी ओळ. आता आतली यादी. वरचा नवा, त्याला सोड. खाली ये. अजून एक खाली. थांब. आकडा वाच मला, माझा चष्मा कुठाय...

लेक : डोक्यावर. शेवटी सत्तेचाळीस आहे.

बाबा : तोच. तोच तो! एंटर.

लेक : चार वाजले, बाबा.

बाबा : वाजू देत.

लेक : किती हळू उघडतंय हे! चार चार झाले.

बाबा : जुनं मशीन आहे. त्याला हाकलून चालत नाही.

लेक : तुम्हाला काय, तुम्ही...

बाबा : दिवा लागला.

लेक : कुठे?

बाबा : कांडीकडे बघ. निळा.

लेक : लागला! लागला! सरका, बाबा, सरका. हा दुवा. पासवर्ड. चुकला. परत. चार आठ. उघड रे. उघड ना रे बाबा.

बाबा : केस मागे घे. कपाळावर आलेत.

लेक : गोल फिरतंय नुसतं.

बाबा : मी जातो बाहेर. खोलीत दुसरं कुणी चालत नाही ना?

लेक : नाही चालत. बाबा...

बाबा : नंतर रागाव. दार ओढून घेतो.

(पडद्यावर आधी एक रिकामी भिंत दिसते, मग खुर्चीची पाठ आणि तिच्या कडेला एक छोटं डोकं.)

बबडी : आई? तूच आहेस का? हल ना.

लेक : मीच आहे गं. हे बघ, हलतेय.

बबडी : पुतळा नाहीस ना?

लेक : नाही. उशीर झाला माझा, बबडे. खूप उशीर झाला.

बबडी : मॅडमनी मला बूट घालायला सांगितले. म्हणाल्या, आज आई येणार नाही. मी म्हटलं, मी दहापर्यंत आकडे म्हणते, मग घालते.

लेक : म्हणालीस?

बबडी : हो. दहा झाले आणि तू नव्हतीस. मग मी पुढचे म्हणत बसले.

लेक : पुढचे? तुला दहापर्यंतच येतात ना?

बबडी : तुला माहीत नाही? मला शंभरपर्यंत येतात आता! मी एकसष्टवर होते, तेवढ्यात तू आलीस. परत पहिल्यापासून म्हणून दाखवू?

लेक : दाखव. घाई करू नकोस, एकेक करून म्हण.