कप तिचा, बशी माझी

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं भिंगरी! बोल, बोल… हो, येतंय ऐकू. तूच जरा हळू बोल, कानठळ्या बसल्या माझ्या.

नाही, अजून नेलं नाही. दहाला नेतो म्हणाले होते, आता साडेदहा होत आले… हो, हो… अगं ऐक ना, मी बरी आहे. पित्ताशयातले खडे काढायचेत, डोंगर नाही फोडायचा… तुझी रजा कशाला वाया घालवायची? एवढ्या लांबून येऊन तू बाहेर बाकावरच बसली असतीस. चार दिवसांत मावशी शिलाई मशीनवर बसलेली असेल, बघ तू.

भीती? छे!… बरं, वाटतेय थोडी… बरं बाई, खूप वाटतेय. सकाळपासून पाच वेळा बाथरूमला जाऊन आले. हात स्वस्थ बसेनात, म्हणून पिशवीतली सुई काढली नि या हिरव्या झग्याचे बंद शिवत बसले. ज्यानं कुणी हा शिवलाय ना, त्याच्या हातात कात्री देऊ नये. मागून सगळा आनंदीआनंद!… हस, हस. शेजारच्या खाटेवरच्या आजींचेही बंद शिवून दिले. आता समोरच्या बाई म्हणतायत, माझंही बघा. इथंच दुकान थाटते की काय कोण जाणे.

तुझी आई असती तर टाके बघून म्हणाली असती, "उसव आणि पुन्हा घाल"… हं… हो गं, मलाही. सकाळपासून तीच डोळ्यांसमोर आहे. दुसरं काही सुचतच नाही.

नाही, पाणीसुद्धा नाही… काल रात्रीपासून. घशाला नुसती कोरड पडलीय. सवय ना, उठल्या उठल्या चहा… हो, तेच. दोघींत एकच करायचा. कप तिचा, बशी माझी. मग मशीनला पाय लावायचा. तीस वर्षं… अजूनही तेवढाच टाकते गं. माझी बशी होते नि कपातला तसाच राहतो. मोरीत ओतते… नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय.

सही? झाली मघाशीच. भुलेच्या डॉक्टरही येऊन गेल्या… हो, बाईच आहेत… असतील साठीच्या… भिंगरी, ऐक… हो. त्याच. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळच्याच. केस सगळे पिकलेत.

अगं हो, हो… ओरडू नकोस, आजूबाजूला लोक आहेत… नाही, मी कुठं उठून बिठून जाणार नाही… ओळखलं ना मला. हात धरला माझा. म्हणाल्या, "तुमच्या ताईंना मी विसरले नाही"… नाही गं, नाटक नव्हतं ते.

फोन कुणाला लावतेस?… मोठ्या डॉक्टरांना? कशाला?… नको. तेव्हा तक्रार केलीस तेवढी पुरे. आठ महिने घरी बसवलं होतं त्यांना, इथल्या आयाबाई सांगत होत्या… "बरं झालं" म्हणू नकोस! भिंगरी, असं म्हणू नकोस गं!

थांब. फोन ठेवू नकोस. आधी माझं ऐक, मग कर ज्याला करायचा त्याला.

त्यांची चूक नव्हती… मला कसं माहीत म्हणजे? माहीत आहे… कारण माझी होती.

नाही, मनाला लावून घेतलंय म्हणून बोलत नाहीये… मध्ये बोलू नकोस, माझं अवसान जाईल.

त्या दिवशी सकाळी तुझी आई थरथरत होती. दातावर दात आपटत होते. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. मला म्हणाली, "घोटभर चहा मिळाला ना, तर मी माझ्या पायांनी चालत जाईन आत"… मी थर्मास नेला होता गं. माझ्यासाठी म्हणून. पण पिशवीत कपही होता नि बशीही… का नेला कप, मलाच ठाऊक नाही. हाताची सवय… दिला. हो, दुधाचा… सगळा. मी बशीत घेतलाच नाही, सगळा तिलाच दिला. मला वाटलं, घरचा चहा, त्यानं काय होतंय? जेवली थोडीच आहे?

हॅलो? आहेस ना?… बरं.

मग त्या आल्या. विचारलं, "काही खाल्लं-प्यायलंय का?" ताईनं माझ्याकडे बघितलं… मी म्हणाले, "नाही हो. काल रात्रीपासून उपाशी आहे." मीच म्हणाले. ती नाही… का? कारण तारीख पुढे गेली असती. आठवड्यावर तुझी परीक्षा. नि पुन्हा सगळा धीर पहिल्यापासून गोळा करायचा. एवढंच गं आलं मनात. इतकंच.

पुढचं तुला पाठ आहे… हो. भूल दिल्यावर पोटातलं उलटून छातीत गेलं, तो हाच चहा… सहा वर्षं. सहा वर्षं तू त्या बाईंना शिव्याशाप दिलेस नि मी शेजारी बसून तुझ्या डोक्यावरून हात फिरवला.

का नाही सांगितलं?… ताई गेली होती. तू एकटी उरली होतीस मला. सांगितलं असतं तर तूही गेली असतीस. दुसरं कारण नाही. शोधूनही सापडलं नाही.

त्यांना?… नाही. सकाळी तोंड उघडलं नि मिटलं. वाटलं, आधी तुझ्या कानावर घालावं. शुद्धीवर आले की सांगते त्यांना. नाहीच आले, तर तू सांग… वेडंवाकडं नाही बोलत, पण सांगशील ना?

भिंगरी?… शिव्या घाल मला, चालेल…

काय?… चहा पिऊन? आई काय म्हणाली?… म्हणाली… "आज साखर बरोबर पडलीय बघ"… हो ना. तीस वर्षांत पहिल्यांदा… कप माझ्या पदरानं पुसून परत दिला. थरथर थांबली होती गं तिची. खरंच थांबली होती.

हॅलो?… भिंगरी?… हॅलो, ऐकू येतंय का?… हॅलो?

सिस्टर, अहो सिस्टर… हा फोन पलीकडून ठेवला की आपोआप बंद झाला, कसं कळतं हो?… हं… नको, परत नको लावायला. तिला करायचा असेल तर ती करेल… हा घ्या, तुमच्याकडे ठेवा. वाजला तर उचलाल ना? म्हणावं, मावशीला आत नेलंय. म्हणावं… नाही, एवढंच म्हणा.

काय?… नाही, काही खाल्लं नाही… पाणीही नाही, सिस्टर. एक घोटसुद्धा नाही… खरं सांगतेय.